१९६३चा ‘डॉक्टर हू’ नाटकासारखा बघा

इंग्लंडमध्ये राहायला आलेल्या माणसाच्या वाट्याला ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची कालप्रवासाची टीव्ही मालिका कधी ना कधी येतेच. ऑफिसात कुणाच्या तरी टेबलावर निळ्या पोलीस बॉक्सचं, म्हणजे फोनच्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या नायक डॉक्टरच्या कालयंत्राचं, चित्र असलेला मग असतो, शाळेतल्या वेशभूषेच्या दिवशी पुठ्ठ्याचा डालेक (मालिकेतला यंत्रासारखा दिसणारा खलनायक) हजर असतो. नवे भाग आम्ही घरी सगळे मिळून बघतो. या हिवाळ्यात मात्र मी लायब्ररीतून अगदी पहिल्या भागांच्या डीव्हीडी आणल्या आणि सलग लक्ष देऊन पुन्हा बघितल्या. (बीबीसीने २०२३ साली जुने शेकडो भाग ऑनलाइन टाकले, पण लेखकाच्या वारसांकडच्या हक्कांमुळे पहिलीच चार भागांची गोष्ट त्यात नव्हती.)

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ला, शनिवारी संध्याकाळी दाखवला गेला. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती, लोकांचं मन थाऱ्यावर नव्हतं. म्हणून पुढच्या शनिवारी तो भाग पुन्हा दाखवून मगच दुसरा लावला.

गोष्ट सुरू होते लंडनच्या एका साध्या शाळेत. सुझन नावाची एक विद्यार्थिनी तिच्या दोन शिक्षकांना कोड्यात टाकते. विज्ञान तिला मास्तरांपेक्षा जास्त येतं आणि अगदी साध्या गोष्टी मात्र चुकतात. एकदा वर्गात पौंड-शिलिंगचा प्रश्न निघतो. ती गोंधळते, आणि मग म्हणते की हो, दशमान पद्धत अजून सुरू झालेली नाही. वर्ग खो खो हसतो. ब्रिटनमध्ये दशमान नाणी आली १९७१ साली, म्हणजे लेखकाने भविष्य बरोबर ओळखलं होतं. पण मी तो प्रसंग बघताना आईला फोनवर सांगितलं, तर तिला वेगळंच आठवलं: आपल्याकडे १९५७ पासून नया पैसा चालू होता! त्या वर्गात सातारची एखादी मुलगी असती, तर तिनेही सुझनसारखंच उत्तर दिलं असतं आणि तिलाही सगळे हसले असते. परक्या देशातून आलेल्या मुलीचं एकटेपण मला इतक्या छोट्या प्रसंगात इतकं नेमकं क्वचित दिसलंय.

आता माझा मुख्य मुद्दा. या भागांना लोक ‘त्या काळाच्या मानाने बरे’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. ते सिनेमाच्या मापाने मोजले जातात, तिथेच गडबड होते. लाइम ग्रोव्ह हा शेपर्ड्स बुशमधला अडचणीचा, जुनाट स्टुडिओ. आठवडाभर तालीम करायची आणि शुक्रवारी संध्याकाळी भाग जवळजवळ सलग रेकॉर्ड करायचा. व्हिडिओटेप कापणं महाग होतं, त्यामुळे थांबणं कमीत कमी. संवाद अडखळला तरी नट तो सावरून पुढे जातो आणि ते तसंच राहतं. हे नाटकच आहे! छबिलदासच्या हॉलमध्ये चार खुर्च्यांवर प्रयोग बघितलेल्या आपल्या लोकांना भिंत पुठ्ठ्याची आहे याचा त्रास होण्याचं कारण नाही. आपण नटाकडे बघतो.

आणि नट आहे विल्यम हार्टनेल. जवळजवळ निम्मा भाग उलटेपर्यंत डॉक्टर दिसतच नाही. मग भंगाराच्या आवारात सुझनचा आजोबा असलेला हा म्हातारा खोकत येतो, डोक्यावर केसाळ टोपी, गळ्यात मफलर. शिक्षक त्याला मुलगी कुठे आहे विचारतायत आणि तो भंगारातली एक जुनी फ्रेम उचलून तिचीच पाहणी करत बसतो. उत्तर टाळायची ही तऱ्हा बघण्यासारखी आहे: हात फ्रेमवर, कान समोरच्याकडे, मधेच एक तिरपा कटाक्ष. हा माणूस अजून कुणाचा तारणहार झालेला नाही. तो घाबरलेला आहे, म्हणून उर्मट आहे. पुढे बाहेरून चिमुकल्या दिसणाऱ्या पोलीस बॉक्समधल्या लख्ख पांढऱ्या दालनात तो सांगतो की आपण आणि सुझन आपल्या लोकांपासून तुटलेले, निर्वासित आहोत. तिथे हार्टनेल आवाज चढवत नाही, खाली आणतो.

या भागाचा दिग्दर्शक होता वारिस हुसैन, वय वर्षं २४. जन्म लखनौचा, १९४६ला घरच्यांबरोबर इंग्लंडला आलेला. आई अतिया हुसैन, नावाजलेल्या लेखिका. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट २७ वर्षांच्या, तेव्हाच्या बीबीसी नाट्यविभागातल्या एकमेव स्त्री निर्मात्या. पोरसवद्या वयाच्या या दोघांना काम दिलं कॅनडाहून आलेल्या नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन यांनी. पहिलं रेकॉर्डिंग न्यूमनना पसंत पडलं नाही, डॉक्टर फारच कडवट वाटला. त्यांनी दोघांना कामावरून काढलं नाही, सगळं पुन्हा करा म्हणाले. ती नाकारलेली प्रतही डीव्हीडीवर आहे. दोन्ही लागोपाठ बघा, तालमीने काय बदलतं ते कळेल. निर्वासितपणाचं ते बोलणं लिहिलं अँथनी कोबर्न यांनी, पण ते इतक्या शांतपणे घ्यायला लावणारा दिग्दर्शक स्वतः लहानपणी देश सोडून आलेला होता, हे माझ्या मनातून जात नाही.

शीर्षक संगीताबद्दल तर कितीही लिहावं. चाल रॉन ग्रेनर यांची, पण ती घडवली डेलिया डर्बिशर यांनी. सिंथेसायझर हाताशी नसताना एकेक स्वर टेपवर घेऊन, त्याचा वेग बदलून, ब्लेडने तुकडे कापून जोडलेले. हेडफोन लावून ऐका.

मग कालयंत्र सगळ्यांना अश्मयुगात नेतं. पुढचे तीन भाग गुहेतल्या माणसांचे, आग कोण पेटवणार यावरून भांडणाचे. रेंगाळतात. पण एका जागी जखमी आदिमानवाजवळ डॉक्टर दगड उचलतो आणि विज्ञानाचा मास्तर त्याचा हात धरतो. तेवढ्यासाठी ते बघावेत.

हुसैन यांचं यानंतरचं मोठं काम ‘डॉक्टर हू’मधलीच मार्को पोलोवरची १९६४ची गोष्ट. सातपैकी सहा भाग त्यांचे, पामीरपासून कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास. आज त्यातला एकही भाग शिल्लक नाही. बीबीसीने टेपा पुसून पुन्हा वापरल्या आणि फिल्मच्या प्रतीही नष्ट होऊ दिल्या. आपल्या नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियटबरोबर लिहिलेल्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ या बीबीसीच्या १९६१च्या विज्ञानमालिकेचीही तीच गत, बहुतेक सगळी गेली. सार्वजनिक पैशातून झालेलं काम असं पुसलं जातं याचा मला मनापासून राग येतो.

मार्को पोलोचा आवाज तेवढा वाचला, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून ठेवला होता. सेटवरचे फोटोही आहेत. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर आधी पहिला भाग बघा, एका दिवशी एकच, कारण ते आठवड्याला एक या बेतानेच लिहिलेत. मग डालेकची गोष्ट. आणि मार्को पोलो रात्री दिवे मालवून रेडिओवरच्या श्रुतिकेसारखा ऐका. गोबीच्या वाळवंटात पाणी संपतं तो भाग अजिबात चुकवू नका.