व्हेनिस राहू दे, मांतोवाला जा

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला इटलीला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या कॉलेज रोडवरच्या प्रत्येक ओळखीच्याने व्हेनिसचंच नाव काढलं. गोंडोलात बसून फोटो काढला नाही तर जाऊन उपयोग काय, असा एकंदर सूर. मी म्हटलं, नाशिककराने गर्दी बघायला युरोपात कशाला जायचं? शनिवार-रविवार आला की गंगापूर रोडला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, आणि सिंहस्थात रामकुंडाकडे काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. व्हेनिसने तर २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्कामाला न राहणाऱ्यांकडून शहरात शिरायचे पैसे घ्यायला सुरुवात केली आहे. अशा ठिकाणी निवांत हातात हात घालून चालणार कुठे?

मग आम्ही मांतोवाला गेलो. उत्तर इटलीतलं हे एक जुनं गाव. व्हेरोनाहून साध्या पॅसेंजर गाडीने पाऊण-एक तास. (कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये ठोकून घ्या, नाहीतर दंड होतो.) व्हेरोनात ज्युलिएटची बाल्कनी बघायला ही झुंबड. ती बाल्कनी गेल्या शतकात तिथे बसवलेली आहे, हे ठाऊक असूनही लोक माना वर करून उभे. रोमिओला मात्र गावाबाहेर हाकलल्यावर तो मांतोवाला येतो, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. बरंच आहे म्हणा.

गावाच्या तीन बाजूंना पाणी आहे. मिंचो नदी अडवून बाराव्या शतकात हे तलाव केले. आम्ही ऑगस्टच्या शेवटी गेलो, कारण द्राक्षबागवाल्यांना खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी यांच्या मध्येच काय ती हलायला फुरसत. बाग दिरांच्या भरवशावर टाकली होती. वरच्या तलावात नाव काढली आणि बघते तर काय, कमळं! एकदोन नव्हे, पाणी दिसू नये इतकी. ही इथली मुळीच नव्हेत. पूर्वेकडची कमळं १९२१ साली इथे आणून लावली आणि ती अशी फोफावली की आता त्यांना आवर घालावा लागतो. ह्यांनी लगेच बागाईतदाराच्या नजरेने विचारलं, "फवारणी कसली करतात?" नावाड्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सुटलो.

गोन्झागा घराण्याने इथे चारशे वर्षांच्या आसपास राज्य केलं. त्यांच्या राजवाड्यात पाचशेच्या वर खोल्या आहेत. सगळ्या बघायच्या भानगडीत पडू नका. एक खोली मात्र चुकवू नका. मान्तेन्या नावाच्या चित्रकाराने ती १४७४ मध्ये पुरी केली, त्याआधी नऊ वर्षं खपून. भिंतीवर राजा लुदोविको हातात पत्र घेऊन बसलाय, शेजारी राणी बार्बारा, पोरंबाळं, दरबारी, आणि राजाच्या खुर्चीखाली निवांत पसरलेला कुत्रा. कुणीही देखणं दिसायचा अट्टहास केलेला नाही. राणी तर चांगली घरंदाज, ठसठशीत बाई आहे, नवऱ्याच्या बरोबरीने बसलेली. आणि वर छताला मोकळं आभाळ रंगवलंय, कठड्यावरून बायका आणि पोरं वाकून खाली बघताहेत. एक झाडाची कुंडी तर नुसत्या दांड्यावर तोलून धरलीय. मी तिच्याखालून बाजूला सरकले, खोटं कशाला बोलू.

आत थोड्या थोड्या लोकांनाच सोडतात, त्यामुळे उन्हाळ्यात तिकीट आधी काढून ठेवलेलं बरं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला 'पालाझ्झो ते' नावाची वास्तू आहे. सोळाव्या शतकातल्या फेदेरिको गोन्झागाचा हा मौजमजेचा महाल. तिथल्या राक्षसांच्या दालनात भिंती, छत, सगळं अंगावर कोसळतंय असं रंगवलंय. या दालनाची गंमत अशी, की एका कोपऱ्यात भिंतीशी कुजबुजलं तर ते समोरच्या तिरक्या कोपऱ्यात ऐकू येतं. मी कान लावून उभी. तिकडून ह्यांचा आवाज आला, "बीपीची गोळी घेतलीस का?" पंचवीस वर्षांनी याहून जास्त रोमँटिक काही अपेक्षितही नव्हतं.

खाण्याचं सांगते. आम्ही शाकाहारी, तरी उपाशी राहिलो नाही. भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली, म्हणजे पास्त्याच्या छोट्या पुड्या, ही इथली खासियत. सारणात बदामाची बिस्किटं चुरून घातलेली असतात, त्यामुळे गोडसर लागतं, वरून लोणी. पहिल्या घासाला मला आईचे घारगे आठवले. ज्यांना चीजमधलं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध फाडायला वापरतात ते) चालत नाही त्यांनी मात्र आधी विचारावं. स्ब्रिझोलोना नावाचा कडक, बदाम घातलेला केक सुरीने कापत नाहीत, हाताने तोडतात. तो घेतानाही आधी विचारा, जुन्या पद्धतीत त्यात डुकराची चरबी असते. ह्यांनी लांब्रुस्को चाखली. फेसाळणारी लाल वाईन, तीही थंड, हे काही त्यांच्या पचनी पडलं नाही. दुसरा ग्लास मात्र मागवला.

एकच करा, रात्रीचा मुक्काम करा. दिवसा येऊन जाणारे संध्याकाळी गाडी धरतात, मग चौकात फक्त गावातले लोक उरतात. आजोबा-आजी सायकलवरून फिरत असतात, जीन्सवाल्या पोरी आइस्क्रीम खात कठड्यावर बसलेल्या असतात. आम्हीही बसलो.

ऑगस्टमध्ये उकाडा भयंकर आणि पंधरा तारखेच्या आसपास बरीच दुकानं बंद असतात. कमळं नको असतील तर एप्रिल-मे गाठा. उन्हाळ्यात जाणार असाल तर पाण्याकाठी डास आपल्या गोदाकाठालाही मागे टाकतील इतके आहेत, ओडोमॉस बॅगेत वरच्या कप्प्यात ठेवा.