प्लेटाइम दोन तासांच्या पुढे गेल्यावरही मिळालेला रिफंड: माझा अनुभव

डिजिटल गेमचा रिफंड म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात एकच नियम असतो, १४ दिवस आणि दोन तास: खरेदीला १४ दिवस झालेले नसावेत आणि प्लेटाइम, म्हणजे गेम चालू असलेला वेळ, दोन तासांच्या आत असावा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन स्टोअरने जून २०१५ पासून हा नियम लावला आणि पुढे एपिक गेम्सच्या स्टोअरनेही तसाच ठेवला, म्हणून तो पाठ झालाय. पण ही मर्यादा आहे ती फारशी चौकशी न करता पैसे परत देण्यासाठीची. तिच्या पलीकडे गेलं की मागणीच करता येत नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. स्टीमच्या धोरणात तर स्पष्ट म्हटलंय की नियमात बसत नसलात तरी विनंती करा, आम्ही बघू. मला रिफंड मिळाला तो याच दुसऱ्या वाटेने. स्टोअर कुठलं होतं ते बाजूला ठेवतो, कारण रीत सगळीकडे जवळपास सारखीच चालते.

गेम नवा होता. माझं मशीन स्टोअरमधल्या गेमच्या पानावरच्या 'शिफारस केलेल्या' हार्डवेअरपेक्षा वरचढ होतं. तरीही दुसऱ्या मिशनचा कटसीन (मधला चित्रफितीसारखा प्रसंग) सुरू झाला की गेम बंद पडून थेट डेस्कटॉप समोर यायचा, दर वेळी त्याच जागी. तोवर स्टोअरच्या हिशेबात प्लेटाइम तीन तासांच्या आसपास गेला होता. प्रत्यक्ष खेळणं झालं होतं जेमतेम पाऊण तास.

हा फरक कुठून येतो ते आधी समजून घ्यायला हवं, कारण सगळी केस त्यावरच उभी राहते. स्टोअर तुमचं खेळणं मोजत नाही. गेमची प्रोसेस किती वेळ चालू आहे ते मोजतं. पब्लिशरचा वेगळा लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) उघडून बसला असेल तर ती मिनिटंही बहुतेक वेळा त्यातच धरली जातात. पहिल्यांदा गेम सुरू केल्यावर 'शेडर कंपाइल होत आहेत' अशी पट्टी दिसते (शेडर म्हणजे चित्र रंगवण्याच्या सूचना, त्या तुमच्या ग्राफिक्स कार्डासाठी तयार होत असतात), जुन्या प्रोसेसरवर ती बराच वेळ हलत नाही, तोही वेळ धरला जातो. ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) बदलला की बऱ्याच गेममध्ये शेडर नव्याने कंपाइल होतात, म्हणजे दुरुस्तीच्या प्रत्येक प्रयत्नात घड्याळ पुढे पळतं. मेन्यूवर ठेवून जेवायला गेलात तरी तेच. गेमच्या स्वतःच्या सेव्ह स्लॉटवर मात्र बहुधा फक्त खेळलेला वेळ लिहिलेला असतो. मी सेव्ह स्लॉटचा आणि स्टोअरच्या लायब्ररीतल्या प्लेटाइमचा असे दोन स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी ठेवले. माझ्या मते सगळ्या पुराव्यांत सर्वांत जोरदार पुरावा हाच होता, कारण तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा पुरावा क्रॅशचा. नुसतं 'गेम क्रॅश होतो' लिहिलं की उत्तर ठरलेलं असतं, ड्रायव्हर अपडेट करा. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडून 'विंडोज लॉग्ज'खालच्या 'ॲप्लिकेशन'मध्ये गेलं की क्रॅशच्या वेळेला लाल खुणेची नोंद सापडते, इव्हेंट आयडी १०००. तिच्यात तीन गोष्टी बघायच्या: कुठलं ॲप्लिकेशन पडलं, कुठल्या मॉड्यूलमध्ये (प्रोग्रॅमच्या कुठल्या फाइलमध्ये) पडलं आणि फॉल्ट ऑफसेट, म्हणजे त्या फाइलमधली नेमकी जागा, काय आहे. दर वेळी तेच मॉड्यूल आणि तोच ऑफसेट दिसला, तर चूक प्रोग्रॅमच्या ठरावीक ओळीत आहे, असं धरायला चांगला आधार मिळतो. दर वेळी वेगळं मॉड्यूल, वेगळा ऑफसेट आणि मधूनच दुसरेही प्रोग्रॅम पडताना दिसले, तर आधी आपलं रॅम, ओव्हरक्लॉक (हार्डवेअर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) आणि तापमान तपासा, कारण तेव्हा दोष आपल्याकडे असण्याची शक्यता जास्त. मॉड्यूल ग्राफिक्स ड्रायव्हरचं असेल तर तेवढ्यावरून गेमला दोषी धरता येत नाही. एक जुना स्थिर ड्रायव्हर टाकून बघावं लागतं. माझ्याकडे मॉड्यूल गेमच्याच फाइलचं होतं आणि ऑफसेट बदलत नव्हता.

मशीनची माहिती द्यायला डीएक्सडायग हे विंडोजमधलंच साधन पुरतं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून, उघडलेल्या चौकटीत dxdiag लिहून ते चालवायचं आणि 'सेव्ह ऑल इन्फर्मेशन' दाबलं की एक टेक्स्ट फाइल तयार होते. तिच्यात प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हरची आवृत्ती सगळं येतं. मशीनचं नावही येतं. नको असेल तर पाठवण्याआधी ती ओळ काढून टाका. गेमच्या पानावरच्या हार्डवेअरच्या अटींचा स्क्रीनशॉट मात्र तारखेसह लगेच घ्यायचा. ही पानं नंतर गुपचूप बदलतात.

गेमच्या फाइल्स तपासून घेणं, ओव्हरले (गेमवर तरंगणाऱ्या चॅटसारख्या खिडक्या) बंद करणं, ओव्हरक्लॉक काढणं हे उपाय मी विनंती करण्याआधीच उरकले, कारण सपोर्ट हेच आधी विचारतो. ही सगळी कामं गेम बंद ठेवून करता येतात, त्यामुळे प्लेटाइम वाढत नाही. चाचणीपुरताच गेम उघडायचा आणि प्रोसेस पूर्ण बंद झाली का ते टास्क मॅनेजरमध्ये बघायचं. लाँचर मागे लपून चालू राहतात आणि घड्याळ चालत राहतं.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते. स्टोअर आणि पब्लिशर असे दोन दरवाजे असतात. पब्लिशरचा तांत्रिक सपोर्ट तुम्हाला लॉग (गेमने लिहिलेली नोंदींची फाइल) मागतो, मग नवा लॉग मागतो, मग 'पुढच्या पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) बघतो' म्हणतो. यात वाईट हेतू असतोच असं नाही, पण १४ दिवस त्यात निघून जातात. म्हणून रिफंडची विनंती आधी, तांत्रिक तिकीट (दोषाची तक्रार) नंतर. आणि विनंती ज्याने पैसे घेतले त्याच्याकडे, म्हणजे पावतीवर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे. पब्लिशरने 'स्टोअरला विचारा' आणि स्टोअरने 'पब्लिशरला विचारा' म्हटलं तर पावती पुढे करायची, तिथे वाद संपतो.

स्टीमवर वाट अशी आहे: हेल्पमध्ये 'पर्चेसेस', त्यात गेम निवडायचा, 'रिफंड हवा' हा पर्याय, मग पैसे कुठे हवेत ते, मग कारण आणि शेवटी मोकळी चौकट. बाकीच्या स्टोअरमध्ये बटणांची नावं वेगळी असतात, पण मोकळी चौकट बहुतेक ठिकाणी असते आणि लोक ती रिकामी सोडतात किंवा तिच्यात राग ओततात. वाचणाऱ्याकडे वेळ थोडा असतो. मी लिहिलं ते साधारण असं: 'दुसऱ्या मिशनचा कटसीन सुरू होताच गेम दर वेळी बंद पडतो. मशीन तुमच्या पानावरच्या शिफारशीपेक्षा वरचं आहे, फाइल सोबत आहे. सेव्ह स्लॉटवर खेळलेला वेळ पाऊण तास आहे. बाकी वेळ शेडर आणि क्रॅशनंतरच्या चाचण्यांत गेला. फाइल्स तपासल्या, ड्रायव्हर बदलला, ओव्हरले बंद केले, फरक नाही. गेम पुढे खेळता येत नसल्याने मूळ पेमेंट मार्गाने पूर्ण रक्कम परत हवी.' फाइल जोडायची सोय नसेल तर मॉड्यूलचं नाव आणि ऑफसेट मजकुरातच टाका.

पहिलं उत्तर नकाराचं आलं, प्लेटाइम जास्त आहे एवढंच. हे अपेक्षित धरूनच चालावं. असा नकार बहुधा साच्यातला असतो आणि पुन्हा विनंती करता येते. तोच मजकूर पुन्हा चिकटवला तर तेच उत्तर येतं. दुसऱ्या वेळी मी प्लेटाइमचा मुद्दा सर्वांत वर घेतला, दोन्ही वेळांतला फरक आकड्यांत मांडला आणि पब्लिशरने 'हा दोष माहीत आहे' असं जाहीर केलेल्या पॅच नोट्सची तारीख दिली. कंपनीने स्वतः मान्य केलेला दोष असेल तर तो शोधून काढाच, त्याहून वजनदार ओळ नाही. यावर मंजुरी आली.

पैसे स्टोअरच्या वॉलेटमध्ये की मूळ मार्गाने, हा प्रश्न छोटा वाटतो पण आहे महत्त्वाचा. वॉलेटमध्ये लवकर येतात, मात्र ते त्याच दुकानात अडकून राहतात. स्टीम मंजुरीनंतर आठवड्याभरात मूळ मार्गाने रक्कम पाठवतं. परदेशी पेमेंट पद्धतींना जास्त वेळ लागू शकतो. पेमेंटची जी पद्धत रक्कम परत घेऊच शकत नाही, तिथे पैसे वॉलेटमध्येच येतात, त्यामुळे खरेदी करतानाच पद्धत विचारपूर्वक निवडावी.

नकार मिळाल्यावर थेट बँकेकडे चार्जबॅक (पेमेंट उलटवण्याची मागणी) टाकायचा सल्ला अनेक जण देतात. तो शेवटचा उपाय ठेवा. स्टोअर वादग्रस्त पेमेंट दिसलं की खातं गोठवू शकतं आणि एका गेमपायी अख्खी लायब्ररी बंद पडते. ही भीती हवेतली नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये एपिक गेम्सविरुद्धचं प्रकरण २४.५ कोटी डॉलरवर मिटवलं, त्यात एपिकच्याच फोर्टनाइट गेममधल्या नकळत होणाऱ्या खरेदीबरोबरच, पेमेंटवर आक्षेप घेणाऱ्यांची खाती बंद केल्याचाही आरोप होता. आक्षेप घेतला म्हणून खातं बंद करायचं नाही, अशी अट त्या आदेशात घातली गेली. मला हे त्या रकमेपेक्षा मोठं वाटतं, पण ती अट एका कंपनीपुरती आहे.

स्टोअरप्रमाणे नियम बदलतात ते माहीत असावेत. जीओजी हे पीसी गेमचं स्टोअर ३० दिवस देतं, गेम डाउनलोड करून खेळला असला तरी. प्लेस्टेशन १४ दिवस देतं, पण डाउनलोड सुरू केलं की दार बंद, दोष असेल तेवढाच अपवाद. म्हणून तिथे प्री-ऑर्डर केली असेल तर आपोआप डाउनलोड बंद ठेवा. गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत गूगलकडे मागता येतं, नंतर डेव्हलपरकडे जावं लागतं. अनोळखी व्यक्तीने तुमच्या कार्डावर खरेदी केली असेल तर १२० दिवसांच्या आत कळवायचं. स्टीमवर प्री-ऑर्डर गेम येण्याआधी कधीही रद्द होते, मात्र २०२४ पासून 'आधी खेळायला मिळण्याच्या' दिवसांतला वेळही दोन तासांत धरतात. गेममधलं चलन किंवा वस्तू वापरली की परत मिळणं जवळपास संपतं. बाहेरच्या साइटवरून घेतलेल्या की-कोडचा (गेम खात्यात जोडायच्या क्रमांकाचा) रिफंड स्टोअर देत नाही.

या सगळ्यावर कायदा आहे, आणि स्टोअरचं धोरण त्याच्याखाली येतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीवर खटला भरला. 'रिफंड नाही' असं सांगणं तिथल्या ग्राहक कायद्यात बसत नाही, असं न्यायालयाने ठरवलं आणि २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. कंपनी परदेशी आहे हा बचाव चालला नाही. युरोपीय संघात डाउनलोड सुरू करायला संमती देऊन टिक केली की मन बदलल्याचा १४ दिवसांचा हक्क जातो, पण सदोष वस्तूचा हक्क जात नाही. २०१९ च्या डिजिटल कंटेंटच्या निर्देशानुसार, जो १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, पहिल्या वर्षात दिसलेल्या दोषाबाबत सिद्ध करायचा भार विक्रेत्यावर असतो. अट एवढीच की दोष तुमच्या मशीनमुळे आहे का हे तपासायला तुम्ही सहकार्य करायचं. वरची डीएक्सडायगची फाइल म्हणजे तेच सहकार्य. मन बदललं आणि माल सदोष निघाला, ही दोन कारणं विनंतीत कधीच मिसळू नयेत. 'आवडलाही नाही आणि क्रॅशही होतो' लिहिलं की उत्तर देणारा पहिला अर्धा भाग पकडतो.

बातम्यांमधले रिफंड वेगळे असतात. डिसेंबर २०२० मध्ये दोषांमुळे गाजलेला सायबरपंक २०७७ हा गेम प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला गेला आणि मागेल त्याला पैसे मिळाले; काँकॉर्ड हा सोनीचा ऑनलाइन गेम ऑगस्ट २०२४ मध्ये आला, सप्टेंबरमध्ये बंद झाला आणि सोनीने पूर्ण रक्कम परत केली. तिथे दबाव हजारोंचा होता. एकट्या ग्राहकाला तो दबाव कागदातूनच उभा करावा लागतो. 'द क्रू' या ऑनलाइन गेमचे सर्व्हर युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ ला बंद केले, तेव्हा अनेक वर्षांपूर्वी पैसे मोजलेल्यांच्या हातात काहीच उरलं नाही. तिथून सुरू झालेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेच्या (विकलेला गेम खेळता येईल अशा अवस्थेत ठेवा, ही तिची मागणी) युरोपातल्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मला ही मागणी पूर्णपणे रास्त वाटते. विकताना 'खरेदी करा' आणि वाद झाला की 'फक्त लायसन्स (वापरायची परवानगी) होतं', असं दोन्हीकडून चालू नये. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लायसन्स विकताना तसं स्पष्ट सांगणं बंधनकारक झालंय, तेवढं तरी झालं.

रिफंड मंजूर झाला की गेम लायब्ररीतून जातो, पण सेव्ह फाइल्स बहुतेक वेळा डिस्कवर राहतात, 'डॉक्युमेंट्स' किंवा 'ॲपडेटा'मधल्या फोल्डरमध्ये. अनइन्स्टॉल करण्याआधी तो फोल्डर कॉपी करून ठेवा. दोष दुरुस्त झाल्यावर गेम पुन्हा विकत घेता येतो आणि बहुतेक गेम जुना सेव्ह उचलतात. सवलतीत स्वस्त झाला म्हणून रिफंड घेऊन पुन्हा घेणं याला स्टीम गैरवापर मानत नाही, हे त्यांच्या धोरणातच लिहिलंय. आणि पावती, विनंतीचा क्रमांक, मंजुरीचा ईमेल हे बँक स्टेटमेंटवर रक्कम प्रत्यक्ष जमा दिसेपर्यंत काढून टाकू नका. रक्कम वाटेत अडकली तर बँक याच व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागते.