कुलवृत्तांताचं ओसीआर: डेबियन १२, डेबियन १३ आणि मराठीची एक डेटा फाइल

महिनाभर घरच्या कुलवृत्तांतावर काम चालू आहे, त्याची आजवरची नोंद. ३१२ पानांची पीडीएफ आहे. मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला. वाचायला देवनागरी नीट दिसते, पण शोधायला गेलं तर एकही नाव सापडत नाही आणि कॉपी करून दुसरीकडे टाकलं की रोमन अक्षरं, कंस, टिंबं पडतात. अशा फॉन्टमध्ये देवनागरीचा एकेक तुकडा रोमन अक्षराच्या जागी बसवलेला असतो. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो नुसता कचरा. आत्याला तिच्या आजीचं माहेर त्यात कुठे आलंय ते पाहायचं होतं. "पानं उलटत बसायला डोळे साथ देत नाहीत रे," म्हणाली. तिथून हे ओसीआरचं, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं संगणकाकडून वाचून घेण्याचं, काम सुरू झालं.

मशीन जुनं, ४ जीबी रॅमचं. बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे कायम चार्जर लावूनच चालतं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून २४० जीबीची एसएसडी आणली आणि डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली टाकली. या आवृत्तीपासून वायफायसारख्या भागांना लागणारं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, म्हणून वायफायसाठी वेगळी पेनड्राइव्ह शोधावी लागली नाही. त्या भागाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच.

ओसीआरसाठी टेसरॅक्ट. एचपीमध्ये जन्मलेलं हे सॉफ्टवेअर २००५ साली मुक्त झालं. 'अॅप्ट'ने (डेबियनवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) टेसरॅक्ट, त्याचं मराठीचं पॅकेज आणि पीडीएफवर टेसरॅक्ट चालवणारं ओसीआरमायपीडीएफ घेतलं. पहिल्याच पानावर ओसीआरमायपीडीएफ अडलं: पानावर आधीच मजकूर आहे. त्याचंही बरोबरच होतं, तो कचरा त्याच्या दृष्टीने मजकूरच. 'फोर्स-ओसीआर' हा पर्याय दिला की ते पानाचं चित्र करून नव्याने वाचतं.

वाचलं, पण चुका फार. रफार गळत होते, 'द्ध' आणि 'द्व' यांची अदलाबदल होत होती, आणि गोत्रांची व गावांची नावं तर हमखास बिघडत होती. कुलवृत्तांतात नावंच चुकली तर उरलं काय?

इथे मी चुकीच्या दिशेला गेलो. डेबियन १२ मध्ये टेसरॅक्ट ५.३ आहे, १३ मध्ये ५.५. नवी आवृत्ती म्हणजे नेमकं वाचन, असं मी धरून चाललो. पॅकेजं कुठून घ्यायची त्या सोर्सेसच्या यादीत १३ ची, म्हणजे 'ट्रिक्सी'ची, एक ओळ घातली, पिनिंग (कोणतं पॅकेज कुठल्या आवृत्तीतून घ्यायचं ते ठरवून देणं) काहीच केलं नाही, आणि टेसरॅक्ट पुन्हा इन्स्टॉल करायला सांगितलं. 'अॅप्ट'ने भलीमोठी यादी दाखवली. त्यात 'लिबसी' हे प्रणालीच्या मुळाशी असलेलं पॅकेज होतं, काढून टाकायची पॅकेजंही होती. मी ती शेवटपर्यंत न वाचता हो म्हटलं. वार गुरुवार. आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते ती गुरुवारीच, आणि त्या दिवशीही सकाळी गेली, नेमकी पॅकेजं उलगडली जात असताना.

लाइट आल्यावर ग्राफिकल लॉगिन आलंच नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून कन्सोल मिळाला. पुढचा क्रम सविस्तर देतो, कोणाच्या तरी कामी येईल. आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', म्हणजे अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण बसतात. मग 'अॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. मग /व्हार/लॉग/अॅप्ट मधली 'हिस्टरी'ची फाइल उघडून नक्की काय काय बदललं ते वहीत उतरवलं. 'अॅप्ट पॉलिसी'ने दाखवलं की लिबसी २.३६ वरून २.४१ वर गेलेलं आहे. जवळपास सगळं यावर उभं असतं, आणि त्याला मागे आणणं डेबियनला मान्य नाही. म्हणजे एक तर सगळं पुसून नव्याने टाकायचं किंवा पुढे जाऊन १३ पूर्ण करायचं. मी दुसरा मार्ग घेतला. यादीतल्या सगळ्या ओळी ट्रिक्सीच्या केल्या आणि 'फुल-अपग्रेड' (सगळी पॅकेजं नव्या आवृत्तीवर नेणारी आज्ञा) चालवलं. दुपारपर्यंत लॉगिन परत आलं. दोन आवृत्त्यांच्या अशा मिश्रणाला डेबियनच्या विकीवर 'फ्रँकेनडेबियन' म्हणतात आणि तसं करू नका म्हणून स्पष्ट सांगितलेलं आहे. नवं पॅकेज खरंच हवं असेल तर बॅकपोर्ट्स, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी तयार केलेली नवी पॅकेजं, आहेत.

संध्याकाळी तेच पान नव्या आवृत्तीतून काढलं. चुका जशाच्या तशा, त्याच शब्दांत!

तेव्हा कुठे नीट शोधलं. टेसरॅक्ट ५.३ असो की ५.५, मराठीचं डेटा पॅकेज दोन्हीकडे ४.१.० आहे, आणि डेबियन 'फास्ट' प्रकारचा, म्हणजे वेगवान पण कमी अचूक, डेटा देतं. टेसरॅक्टच्या प्रकल्पात 'बेस्ट' प्रकारचा वेगळा डेटा मिळतो. मराठीची ती एकच फाइल उतरवून होममधल्या फोल्डरमध्ये ठेवली आणि 'टेसडेटा-डिर'ने त्या फोल्डरचा पत्ता दिला. सिस्टिमच्या कशालाही हात लावावा लागला नाही. पानांची चित्रं 'पीडीएफटूपीपीएम'ने ३०० डीपीआयवर काढली. एका पानाला आधी सहा सेकंद लागत, आता पंचवीस लागतात. पण 'द्ध' आता 'द्ध'च येतो. रफार अजून कधीमधी गळतो, बहुतेक ठिकाणी टिकतो.

एक खास मराठी अडचण शेवटी लक्षात आली. 'दुसऱ्या', 'गोऱ्हे' यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि शून्यरुंदी जोडक (न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह). दिसायला एकच, शोधताना मात्र वेगळे. म्हणून सगळा मजकूर 'सेड' या शोधून-बदलायच्या साधनातून काढून पहिल्या प्रकारात आणला. हे केल्याशिवाय मराठी ओसीआरच्या शोधावर भरवसा ठेवू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

रविवारी आत्याकडे लॅपटॉप घेऊन गेलो. तिने आजीचं नाव सांगितलं, मी टाइप केलं, पान १८७. माहेर वाईजवळचं एक गाव निघालं. तिने चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली आणि मग स्वतःच पुढचं नाव सांगितलं.

वंशवृक्षाची २२ पानं राहिली आहेत. तिथे नावं पानभर विखुरलेली असल्याने 'पीएसएम ६' (पान म्हणजे मजकुराचा एक सलग ठोकळा, असं टेसरॅक्टला सांगणारा पर्याय) ओळी भलत्याच जोडतं. आता विखुरलेल्या मजकुरासाठीचा ११ वापरून पाहतोय. पहिल्या तीन पानांत नावं सुटी मिळाली, पण कोण कोणाचा मुलगा हे दाखवणाऱ्या रेघा हातानेच नोंदवतो आहे.