उदगीरचे कावळे, किल्लारीचं माळवद आणि पुढची साथ

2025 च्या जानेवारीत उदगीरात कावळे मरून पडायला लागले. 50 च्या आसपास मेले. माझं पोल्ट्रीचं शेड तिथून 22 किलोमीटरवर, 5 हजार पक्ष्यांचं. सकाळी सातला मेव्हण्याचा फोन, "दाजी, इथं झाडाखाली कावळे पडलेत, माणसं गोळा करायलेत, तुमच्याकडं काही हाय का?" माझ्या पोटात गोळाच आला. शेडमध्ये तेव्हा 24 दिवसांची बॅच होती, म्हणजे पक्षी जेमतेम सव्वा किलोचा, विकताही येत नाही आणि सोडताही येत नाही. नमुने भोपाळच्या लॅबला गेले, बर्ड फ्लू निघाला, आसपासचा 10 किलोमीटरचा भाग अलर्ट झोन झाला. माझं शेड त्याच्या बाहेर होतं, पण कावळ्याला झोन कळतो का.

संध्याकाळी फाट्यावरच्या हॉटेलात चहाला गेलो तर तिथं हाच विषय. "झालं, आता परत मास्क, परत लॉकडाऊन." "औषधाचं गोडाऊन भरलं असंल कुणाचं तरी, दुसरं काय." "एकदा फसलाव, आता न्हाई." आणि एक जण तर म्हणला, कोरोना बिरोना काही नव्हताच, माणसं भीतीनंच मेली. पाच-सहा जणांनी मान हलवली. ही सगळी माझी माणसं आहेत, रोजच्या उठबशीतली, अडाणी कुणीच नाही, एक तर शाळेत सर आहेत. मला तिथं धड बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आधी एक सांगतो, खोट्या भीतीनं नुकसान काय होतं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. फेब्रुवारी-मार्च 2020 ला कोंबडी खाल्ली की कोरोना होतो असं व्हॉट्सअॅपवर फिरायला लागलं. तेव्हा माझा स्वतःचा धंदा होता, कंपनीचा करार नव्हता, पिल्लं माझी, फीड माझं, उधारी पण माझीच. किलोमागं 70 च्या पुढं खर्च बसलेला आणि व्यापारी 10 रुपयाच्या वर भाव बोलेना. सरकारनं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं की कोंबडीनं कोरोना होत नाही, कुणी ऐकलं नाही. शेवटी गावोगाव टेम्पो फिरवून मिळेल त्या भावात पक्षी दिले, काही तर फुकट वाटले, कारण रोजचं फीड परवडेना. बायकोचं मंगळसूत्र सोडवायला मला 2 वर्षं लागली. तेव्हापासून मी करारावर आलो.

त्यामुळं लोकं चिडलेत ते का, हे मला आतून कळतं. आपल्या भागातला मजूर चालत निघाला तेव्हा त्याला रस्त्यावर काठ्या बसल्या. 8 मे 2020 ला करमाडजवळ रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले, जालन्याहून निघाले होते भुसावळला गाडी मिळेल म्हणून, त्या भाकरी रुळावर पडलेल्या अजून डोळ्यासमोरून जात नाहीत. बिलं लाखात आली. रेमडेसिविरसाठी पोरांनी रात्र रात्र लाईनी लावल्या, काळ्या बाजारात पैसे मोजले, आणि मृत्यू काही त्यानं कमी होत नाहीत असं डब्ल्यूएचओच्याच, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्याच, मोठ्या चाचणीत 2020 ला दिसलेलं होतं. मास्कचंच बघा, सुरुवातीला सांगितलं धडधाकट माणसाला गरज नाही, मग जून 2020 ला डब्ल्यूएचओनं सल्ला बदलला. बदलला ते बरोबरच केलं, माहिती वाढली की सल्ला बदलणारच, पण "आम्हाला आधी नीट माहीत नव्हतं" हे एवढं एक वाक्य मोकळेपणानं कुणी बोललं असतं तर आज निम्मी चिडचिड कमी असती असं मला मनापासून वाटतं.

त्याच्या आधी 2009 चा स्वाइन फ्लू. पुण्यात भारतातला पहिला मृत्यू झाला तेव्हा इकडं लातूरलासुद्धा लोकं तोंडाला रुमाल बांधून फिरत होती. नंतर ती साथ वाटली होती तेवढी भयंकर निघाली नाही. म्हणून लोकं म्हणतेत, दरवेळी लांडगा आला रे आला.

पण हॉटेलातलं ते "काही नव्हतंच" मात्र मला सहन होत नाही. एप्रिल 2021 ला आंबाजोगाईत एका अँब्युलन्समधून 22 मृतदेह नेले होते. आपल्याच भागातली बातमी आहे ती, कुठल्या दूरच्या देशातली नाही. माझा वर्गमित्र त्याच महिन्यात गेला, 38 वर्षांचा, ऑक्सिजनच्या बेडसाठी त्याच्या भावानं दोन जिल्हे पालथे घातले. तो भीतीनं मेला असं कुणी म्हणलं की माझं डोकं फिरतं. शिक्षा चुकीची झाली म्हणून आजार खोटा ठरत नाही ना. आपण या दोन्हीची गाठ मारून ठेवलीय, आणि आता कुणी नुसतं "पुढची साथ येऊ शकते" म्हणलं की आपल्याला काठीच आठवते.

माझं आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीपासून 7 किलोमीटरवर. 1992 च्या ऑगस्टपासून त्या भागात धक्के बसायला लागले होते. ऑक्टोबरला एक चांगला मोठा बसला, भांडी पडली मांडणीवरची. मी 8 वर्षांचा होतो, दिवाळीला गेलो तर सगळं गाव बाहेर झोपायचं, आम्हा पोरांना मजा वाटायची. मग थंडी वाढली, धक्के पण कमी झाले, लोकं कंटाळली आणि एकेक जण घरात परत झोपायला लागला. तेव्हा कुणीतरी आजोबांना सांगितलं होतं की माळवदावरची माती तरी उतरवा. ज्यांनी माळवदाचं घर बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोन-अडीच फूट रुंद दगड-मातीच्या भिंती, वर लाकडं, आणि लाकडावर पांढरी माती. दरसाल पावसाळ्याच्या तोंडावर गळू नये म्हणून वरून नवी माती टाकायची, खालची काही काढायची नाही, त्यामुळं तो थर वाढत वाढत कमरेला येईल एवढा झालेला. उन्हाळ्यात घर थंडगार. आजोबा म्हणले, "बापजाद्यानी घातलेली माती हाय, वरीस झालं म्हणायलेत भूकंप येणार भूकंप येणार, कुठं आला?"

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. सरकारी आकडा 8 हजाराच्या जवळ आहे. आजोबा आणि धाकटी मावशी त्याच मातीखाली गेले. मामा वाचला कारण तो विसर्जनाहून येऊन ओट्यावरच झोपला होता. मामा अजून सांगतो, दगडापेक्षा मातीनंच जास्त घात केला, नाका-तोंडात गेली.

आता त्या वेळी तारीख कुणीच सांगितली नव्हती आणि सांगता येतही नव्हती. आजसुद्धा भूकंपाची तारीख सांगता येत नाही. पण माळवदावर किती माती आहे ते कुणालाही शिडी लावून बघता येत होतं. मला साथीचे इशारे असेच वाटतात. पुढची साथ कधी, हे जो छातीठोक सांगतो त्याच्यावर मीही विश्वास ठेवत नाही, यूट्यूबवर असे लई जण आहेत. पण जे शास्त्रज्ञ म्हणतात की हा विषाणू इथं इथं पसरलाय, याच्याकडं लक्ष द्या, ते माळवदावरची माती मोजायलेत. दोघांना एका तागडीत घालू नका.

आणि बीड जिल्ह्यातलं मामला गाव आठवा. भूकंपाच्या पुढच्याच वर्षी, 1994 च्या ऑगस्टला तिथल्या लोकांनी तक्रार केली की पिसवा फार झाल्यात, मग उंदीर मरायला लागले, आणि मग माणसांना गाठी यायला लागल्या. प्लेग! सप्टेंबरात सुरतला फुफ्फुसाचा प्लेग उठला आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली. त्यात पहिली खबर कुणी दिली होती, तर गावातल्या माणसांनी, पिसवा चावल्या म्हणून. उंदीर मरणं आणि कावळे मरणं यात मला तरी फार फरक दिसत नाही.

बर्ड फ्लूचं मी जेवढं वाचलंय आणि डॉक्टरांना विचारलंय तेवढं सांगतो. 1997 ला हाँगकाँगमध्ये एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, पहिल्यांदा माणसात आला, 18 जणांना झाला, 6 गेले. त्यांनी शहरातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या, दहा लाखाच्या वर. भारतात पहिल्यांदा 2006 ला, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला. 2021 च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला. 2003 पासून जगात 900 च्या वर माणसांना झाल्याची नोंद आहे आणि त्यातली निम्म्याच्या आसपास गेली. हे ऐकून लगेच घाबरायचं कारण नाही, माणसाकडून माणसाला तो अजून सहज जात नाही, आणि नीट शिजवलेलं चिकन, अंडी, उकळलेलं दूध यातून काही होत नाही, हे मी चिकनवर पोट असलेला माणूस म्हणून सांगत नाहीये, उष्णतेनं विषाणू मरतो म्हणून सांगतोय. पण मार्च 2024 पासून अमेरिकेत तो गाईंच्या गोठ्यात सापडतोय, आणि उदगीरचे कावळे पडायच्या थोडं आधी नागपूरच्या गोरेवाड्यात 3 वाघ आणि 1 बिबट्या त्यानं मेले. पाखरातला आजार सस्तन प्राण्यात शिरला की त्याला माणसाच्या जवळ यायचा सराव होतो, शास्त्रज्ञांना काळजी आहे ती याची.

डब्ल्यूएचओच्या साथीबद्दलच्या कराराचा फॉरवर्ड पण ग्रुपवर येतो सारखा, की आता जिनिव्हातून आपल्या गावाला लॉकडाऊन लागणार. मे 2025 ला तो करार मंजूर झाला, त्यात उलट स्पष्ट लिहिलंय की डब्ल्यूएचओला कुठल्या देशावर लॉकडाऊन किंवा लस लादायचा अधिकार नाही.

माझ्या शेडमध्ये पिल्लू 5-7 दिवसांचं झालं की डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब जातो, राणीखेत हा कोंबड्यांचा रोग येऊ नये म्हणून. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस. एकविसाव्या दिवशी परत लासोटा, पाण्यातून. 11 वर्षांत माझ्याकडं राणीखेत आलेला नाही. एकही पोल्ट्रीवाला मला कधी म्हणला नाही की राणीखेत आलाच नाही, लसीचे पैसे पाण्यात गेले. कारण त्यानं राणीखेत बघितलाय, मान वाकडी करून गोल गोल फिरणारा पक्षी एकदा बघितला की माणूस विसरत नाही. मग माणसाच्या बाबतीत आपण असं का म्हणतो?

त्या जानेवारीत, मेव्हण्याच्या फोननंतर सहाव्या दिवशी, मी पहाटे शेडमध्ये गेलो तर एका कोपऱ्यात 11 पक्षी मेलेले. रोजची मर 3-4 ची असते, कार्डावर मी रोज लिहितो. 11 म्हणजे जास्त. शेडचा आवाज पण वेगळा वाटला, पक्षी खाली मान घालून बसलेले. हाताला पिशवी बांधून एकेक उचलला, तुरा निळा पडलाय का, पाय लाल झालेत का, बॅटरी मारून बघत होतो आणि हात थरथरत होता, खरंच सांगतो. शेजारचा शेडवाला म्हणला, गुपचूप खड्ड्यात पुर, चुना टाक, डॉक्टरला बोलावलंस तर सगळ्याचेच पक्षी जातील. त्याचं पण खोटं नव्हतं. मी अर्धा तास तसाच बसून होतो बाजेवर. मग फोन केला.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. हा मधला वेळ फार वाईट गेला, बायकोला आणि पोरांना मी शेडकडं येऊ दिलं नाही, मीच चपला बदलून, तोंड बांधून आत जात होतो. नमुने गेले. बर्ड फ्लू नव्हता. थंडीमुळं पडदे सगळे बंद ठेवले होते, आत अमोनिया साचला होता आणि पक्ष्यांना सर्दी झाली होती. शेजारी म्हणला, "बघ, उगीच बोंबललास." मी उगीच बोंबललो नाही. परत 11 मेले तर परत फोन करीन.

पण मग असा फोन करणाऱ्या माणसाला आधार पाहिजे ना. फोन केला की डॉक्टर त्याच दिवशी आला पाहिजे. रोग निघाला तर सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची भरपाई वर्षभर लोंबकळू नये, नाहीतर लोकं लपवणारच, आणि लपवलेला पक्षी रात्री टेम्पोत बसून तीन तालुके ओलांडतो. आशाताईंना 2020 मध्ये दारोदार पाठवलं, लोकांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या, त्यांचं मानधन वेळेवर द्या, उद्या काही आलं तर लोकं टीव्हीवरच्या माणसाचं ऐकणार नाहीत, त्या ताईचंच ऐकतील. आणि अंदाज असेल तर अंदाज म्हणा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आमच्या लोकांना ते कळतं. पाऊस कधी येईल हे माहीत नसताना आम्ही दरसाल पेरतोच की.

परवा चुलतीचा फोन आला होता. तिच्याकडं 9 गावरान कोंबड्या. म्हणली, "दोन मरून पडल्यात रे परसात, उकिरड्यावर टाकू का?" मी म्हणलं, काकू, हात लावू नका, टोपलं पालथं घाला वर, लेकरं बाजूला ठेवा, मी डॉक्टरांना घेऊन येतो. "एवढ्या दोन कोंबड्यासाठी डॉक्टर?" म्हणली. पण मी गेलो तेव्हा टोपलं पालथं घातलेलं होतं आणि वर कुत्र्यानं पाडू नये म्हणून दगड ठेवलेला होता.