लेकराला रात्री झोपवायचं कुठं?

पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी होतं. म्हणजे लेकरू सव्वा महिना, कधी तीन महिने एका घरात झोपतं आणि मग सासरी जातं. एवढं ध्यानात घेतलं तरी दुकानातला सागवानी पाळणा, चाकांचा झुला, मऊ कडांची 'बेबी बेड' गादी हे सगळं यादीतून गळतं. एसटीनं नेता येईल आणि एका गाठोड्यात मावेल तेवढंच घ्यावं. घट्ट भरलेली एक गादी, मेणकापडाचा एक तुकडा, तीन-चार सुती चादरी आणि एक मच्छरदाणी. दुपटी आणि लंगोट तर आज्या आधीच शिवून ठेवतात.

झोपायची जागा आईच्या खोलीत, हात पुरेल इतकी जवळ, पण अंथरूण वेगळं. निदान पहिले सहा महिने तरी असंच. नवजात बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा दूध पितं, त्यामुळे वेगळी खोली आपल्याकडे कुणी करतही नाही. अडचण उलटी असते: वेगळं अंथरूणच कुणी करत नाही.

गादी साधारण दोन फूट रुंद, चार फूट लांब. गादीवाल्याला सांगायचं की कापूस दाबून भर आणि टाके जवळजवळ घाल. ताज्या पिंजलेल्या कापसाची गादी फुगीर असते, त्यात डोकं रुततं. तशी असली तर मोठ्यांनी काही दिवस त्यावर झोपून ती बसवावी. बाळाला उचलल्यावर डोक्याच्या जागी वाटी दिसली तर ती गादी चालणार नाही. गादी करायची नसेल तर जुनी वाकळ चौघडी करून कडेनं टाचून घ्या. जुन्या लुगड्यांचे थर दाट टाक्यांनी बसलेले असल्यानं ती सपाट आणि कडक राहते. पण वाकळ बाळाच्या अंगाखाली घालायची, अंगावर नाही. चार-पाच किलोची वाकळ तोंडावर आली तर तीन किलोचं लेकरू ती बाजूला सारू शकत नाही. गादीवर मेणकापड, त्यावर चादर, आणि चादरीच्या कडा गादीखाली खोचलेल्या. दुपटं नुसतं पसरलं तर दोन तासांत त्याचा बोळा होतो आणि तो तोंडापाशी जातो.

उशी नको. मोहरीची उशीसुद्धा नको, हे सांगितलं की घरात वाद होतो. डोकं गोल राहावं म्हणून ती देतात, पण उशीनं मान पुढे झुकून श्वासाची वाट अरुंद होते, आणि शिवण उसवली तर मोहरीचे दाणे नाकातोंडाशी. डोकं एका बाजूनं चपटं होतं ते बाळ रोज एकाच बाजूला, उजेडाकडे किंवा आईकडे बघत झोपतं म्हणून. एका रात्री डोकं पूर्वेला, दुसऱ्या रात्री पश्चिमेला ठेवा. जागं असताना, समोर कुणी बसलेलं असताना, थोडा वेळ पालथं घाला. झोपवायचं मात्र कायम उताणं, दिवसाही आणि रात्रीही. दूध वर आलं तर गुदमरेल, ही भीती खोटी आहे. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे आलेलं दूध तिच्यात सहजी उतरत नाही. पालथं घातलं की हे उलटं होतं. कुशीवर निजवलेलं बाळ झोपेत कधी पालथं होतं तेही कळत नाही. ढेकर काढून दहा-पंधरा मिनिटं उभं धरा आणि मग ठेवा.

आता बाज. अंगणात, माळवदावर, उन्हाळ्यात सगळ्यांना हवीशी. पण मोठं माणूस बसलं की नवार किंवा सुतळी मध्ये झोळते आणि बाळ घरंगळत आईच्या अंगाखाली येतं. बाजेवर आई आणि बाळ एकत्र झोपू नयेत. दिवाण-सोफा त्याहून वाईट, कारण पाठ आणि बैठक यांच्या फटीत तोंड दाबलं जातं. रात्री दूध पाजताना डोळा लागणार हे धरूनच चाला आणि जमिनीवरच्या गादीवर बसून पाजा. मग डोळा लागलाच तरी बाळ कशावरून पडत नाही. त्या जागेवर उशी आणि गोधडी नको. बाळ आईबापाच्या मध्ये नको, आईच्या एका बाजूला हवं, आणि जाग येताच त्याच्या अंथरुणावर. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, कुणी दारू पीत असेल, आईला गुंगीचं औषध चालू असेल किंवा बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल, तर एका अंथरुणाचा विचारच नको. वजन अडीच किलोच्या खाली असेल तर आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरण्याची कांगारू पद्धत डॉक्टर शिकवतात. ती रोज आठ तासांपासून चोवीस तासांपर्यंत करायची असते आणि आई त्यात रेलून बसते.

झोळी वाईट नाही, पण ती झोपायची जागा नाही. लुगड्यात बाळ अर्धगोल होतं, हनुवटी छातीला टेकते, आणि त्या लहानशा घशात हवेची वाट बंद व्हायला तेवढं पुरतं. रडणं थांबवायला झोका द्या, झोप लागली की उचलून गादीवर ठेवा. स्प्रिंगची झोळीही याच मापानं मोजायची. पाळणा बारशाला हवाच असेल तर भावकीतला मागून आणा. गजांतलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवं, गादी आणि कड यांत दोन बोटं जाऊ नयेत, रात्री पाचर मारून पाळणा थांबवायचा. वरच्या चिमण्या आणि झालरी काढा. गळ्यातला ताईत, काळा दोरा झोपताना काढून ठेवायचा. करदोटा कमरेला असतो, त्याची हरकत नाही.

जमिनीवर झोपवायचं म्हटलं की मराठवाड्यात पहिला प्रश्न विंचू आणि मण्यार. प्रश्न बरोबरच आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि चावा बऱ्याचदा कळतही नाही. म्हणून मच्छरदाणी डासांपुरती समजू नका. मोठी, आई आणि बाळ दोघांची अंथरुणं आत घेणारी, चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली हवी. माळवदाच्या घरात वरून माती आणि किडे पडतात, तिथे छत असलेलीच घ्या. सोयाबीनची पोती, सरपण, भुशाचे ढीग त्या खोलीत नकोत, कारण उंदरामागे साप येतो. सकाळी गादी उचलून झटका. छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी हलकी असते, पण तिच्यासोबतची मऊ गादी आणि उशी काढून टाका. जाळी तोंडापासून वीतभर लांब असू द्या, नाहीतर डास बाहेरून चावतात.

मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी बाळाला ठेवू नका, घरातली सर्वांत गार खोली त्याची. कूलरचा झोत सरळ अंगावर नको, भिंतीवर आपटून आला की पुरे. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकी कोरडी करा, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. बाळाला उकडतंय का ते हातापायांवरून कळत नाही, ते कायम थोडे गारच असतात. मानेची मागची बाजू किंवा छाती चाचपा. घामेजली असेल तर एक कपडा कमी करा. थंडीत, परभणीत पारा एक आकडी होतो तेव्हाही, आपल्यापेक्षा एक थर जास्त एवढंच पुरतं. जन्मानंतरचे पहिले तास आणि कमी वजनाचं बाळ वगळलं तर झोपताना टोपरं नको. डोक्यावाटे उष्णता जाते आणि सरकलेलं टोपरं नाकावर येतं.

शेगडी आणि ओव्याची धुरी द्यायची परंपरा असेल तर दारं-खिडक्या उघडी ठेवूनच, आणि झोपण्याआधी निखारे खोलीबाहेर. बंद खोलीत कोळशाचा वायू वासानं कळत नाही. मच्छर अगरबत्तीही बाळाच्या उशापायथ्याशी नको.

बाळुत्यात गुंडाळायचं असेल तर हात सैल, पाय मांडी घातल्यासारखे वाकते राहतील असे. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा सरकू शकतो. कूस बदलायची खटपट दिसली की, साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास, गुंडाळणं बंद. पाळणा असेल तर बाळ हातांवर उठायला लागताच तोही बंद. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येतात. वजन करतील तेव्हा त्यांना झोपायची जागाही दाखवा. उशी काढायला सासूबाई सुनेपेक्षा त्यांचं लवकर ऐकतात.