तांब्याच्या हिशेबातले एक ग्रॅम पाणी

बारावीला ऊष्मागतिकी सुरू करण्याआधी मी मुलांकडून एक साधा प्रयोग करून घेते. तापलेले तांबे गार पाण्यात टाकायचे आणि तांब्याची विशिष्ट उष्माधारकता काढायची. पुस्तकातली किंमत आहे ०.३८५, म्हणजे १ ग्रॅम तांबे १ अंशाने तापायला ०.३८५ ज्यूल लागतात. पाण्याला तेवढ्याच कामाला ४.१८ ज्यूल लागतात. हा फरक एकदा हाताखालून गेला की आम्ल आणि अल्कली मिसळल्यावर निघणाऱ्या, म्हणजे उदासिनीकरणाच्या, उष्णतेची गणिते मुलांना परकी वाटत नाहीत.

प्रत्येक टेबलावर तांब्याचे तुकडे १०० ग्रॅम, तांब्याचाच कॅलरीमापी (उष्णता मोजायचे भांडे) ढवळणीसकट ६५ ग्रॅम, त्यात १०० ग्रॅम पाणी आणि दशांश अंश दाखवणारा थर्मामीटर. तुकडे उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवायचे, लहान झाऱ्याने उपसायचे, चटकन कॅलरीमापीत सोडायचे आणि हळू ढवळत सर्वांत वरचे तापमान टिपायचे.

त्या दिवशी शेजारशेजारच्या दोन टेबलांवर एकच रीडिंग आले: आधी २६.०, नंतर ३२.३. वाढ ६.३ अंश. उत्तरे मात्र वेगळी.

पहिल्या टेबलावरच्या मुलींनी गणित सरळ मांडले होते. पाण्याने घेतलेली उष्णता १०० × ४.१८ × ६.३, म्हणजे २६३३ ज्यूल. पाणी उकळत होते म्हणून तांबे १०० अंशांवर धरले, ते ६७.७ अंशांनी उतरले. भागाकार ०.३८९. पुस्तकाच्या किमतीपासून जेमतेम एक टक्का दूर.

दुसऱ्या टेबलावरच्या मुलांनी उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरून पाहिला होता. तो ९८.० दाखवत होता. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ च्या आसपास उकळते. महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. शिवाय कॅलरीमापीही तापला, त्याने प्रत्येक अंशाला २५ ज्यूल घेतले, हेही त्यांनी धरले. म्हणजे गार बाजूने अंशाला ४१८ अधिक २५, एकूण ४४३ ज्यूल. ६.३ ने गुणून २७९१. तांबे उतरले ६५.७ अंश. उत्तर ०.४२५. दहा टक्के जास्त.

"मॅडम, आम्ही सगळं धरलं, तरी आमचंच उत्तर चुकलं?" त्यातला एकजण म्हणाला. प्रश्न रास्त होता. एरवी अशा वेळी पोरे मुकाट्याने हिशेबातून कॅलरीमापी गाळून टाकतात आणि उत्तर जुळवतात. जर्नलमध्ये ते खपूनही जाते.

प्रयोगशाळेतले मदतनीस मामा भांडी विसळायला न्यायला आले होते, त्यांना थांबवले. दोन्ही कॅलरीमापी, आतल्या तांब्यापाण्यासकट, काट्यावर ठेवायला सांगितले. थर्मामीटर काढताना त्याचे टोक आतल्या कडेला टेकवून पाणी निथळू द्यायचे, नाहीतर दोन थेंब तिथेच जातात. हिशेबाने वजन यायला हवे होते २६५.० ग्रॅम: ६५ चे भांडे, १०० पाणी, १०० तांबे. काटा दाखवत होता २६६.०. दुसऱ्या टेबलाचेही तेच.

ते जादा एक ग्रॅम म्हणजे तुकड्यांना चिकटून आलेले उकळते पाणी. एक ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही. पण ते ९८ वरून ३२.३ पर्यंत उतरताना ४.१८ × ६५.७, म्हणजे २७५ ज्यूल देऊन गेले. पाण्याच्या एका ग्रॅममध्ये जवळजवळ अकरा ग्रॅम तांब्याइतकी उष्णता मावते. मुलांनी ती सगळी तांब्याच्या नावावर मांडली होती. २७९१ मधून २७५ वजा केले, उरले २५१६. भागिले १०० × ६५.७. उत्तर ०.३८३.

मग पहिल्या टेबलाचे ०.३८९ आले कुठून? फळ्यावर एकेक पायरी मांडली. खरा हिशेब ०.३८३. चिकटलेले पाणी विसरले की ०.४२५. त्यात कॅलरीमापी विसरला की ०.४०१. त्यात ९८ ऐवजी १०० धरले की ०.३८९. एक चूक उत्तर वर ढकलत होती, दोन खाली ओढत होत्या, आणि जाऊन थांबले पुस्तकाच्या शेजारी. छापील गणितात 'उष्णता बाहेर गेली नाही असे माना' एवढे एक वाक्य असते. प्रयोगात ते वाक्य कुणी देत नाही. कोणी किती दिले आणि कोणी किती घेतले ही यादी आपणच करायची असते. माझ्या मते गुण त्या यादीला द्यावेत, उत्तराला नंतर.

दुसऱ्या टेबलावरून आणखी एक प्रश्न आला, तो मला फार आवडला. कॅलरीमापीही तांब्याचाच, मग त्याचे २५ ज्यूल काढताना ६५ × ०.३८५ केले, म्हणजे जे शोधायचे तेच आधी गृहीत धरले! बरोबर आहे. काटेकोर मांडायचे तर ती किंमत दोन्ही बाजूंना अज्ञातच ठेवायची. तांब्याने दिले त्या किमतीच्या १०० × ६५.७, म्हणजे ६५७० पट, कॅलरीमापीने घेतले ६५ × ६.३, म्हणजे साधारण ४१० पट. वजाबाकी ६१६० पट. त्या बरोबर पाण्याचे २६३३ वजा चिकटलेल्या पाण्याचे २७५, म्हणजे २३५८. पुन्हा ०.३८३च. इथे फरक पडला नाही, पण भांडे कोणत्या धातूचे आहे हे ठाऊक नसते तर ही सोय नसती.

०.३८३ आणि ०.३८५ यांच्या मधल्या फरकावर मात्र वेळ घालवू नये. वाढच ६.३ अंशांची, वाचनात ०.१ ची चूक झाली तरी उत्तर दीड टक्क्याहून जास्त हलते. त्यात तुकडे हवेतून नेताना त्यांच्यावरचे थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि तांबे थोडे निवते. ०.३८ लिहावे, पुढचा आकडा लिहिण्याइतकी आपली साधने नाहीत.

दुसऱ्या बॅचला पद्धत बदलली. तुकडे कोरड्या मोठ्या परीक्षानळीत भरले, तोंडाला कापसाचा बोळा, आणि नळी उकळत्या पाण्यात अशी बुडवली की तांब्याची पातळी पाण्याखाली राहील. कोरडे तांबे सावकाश तापते, म्हणून दहाऐवजी वीस मिनिटे. थर्मामीटर पाण्यात नव्हे, तुकड्यांमध्ये खोचलेला, तो ९७.० वर स्थिरावला. नळी उचलली, बाहेरून पुसली आणि एका दमात ओतली. बाहेरून पुसायचे राहिले तर सगळी खटपट वाया, कारण नळीवरून ओघळलेले थेंब थेट कॅलरीमापीत पडतात.

२६.० वरून ३१.७. शेवटी वजन २६५.० ग्रॅम. ४४३ × ५.७ भागिले १०० × ६५.३ म्हणजे ०.३८७.

पहिल्या टेबलावरच्या मुली हे बघायला थांबल्या होत्या. त्यातल्या एकीने नवी रीडिंग्ज घेऊन आपल्या जुन्या पद्धतीने गणित केले: तांबे १०० अंशांवर, कॅलरीमापी नाही. ४१८ × ५.७ भागिले १०० × ६८.३. उत्तर आले ०.३४९. तिने ते दोनदा ताडून पाहिले, मग जर्नलमधल्या ०.३८९ खाली रेघ मारली आणि पुढे लिहिले, 'भांड्याचे २५ ज्यूल धरायचे राहिले.'