परदेशी जाताना आधार कार्ड न्यायचं का?

तुम्ही विचारलंत म्हणून. शाळांना सुट्ट्या लागायच्या सुमारास हा प्रश्न हटकून येतो: पासपोर्ट तर घेणारच, पण सोबत आधार, पॅन, मतदार कार्ड, लायसन्स असं सगळंच असलेलं बरं ना?

नाही. परदेशातल्या इमिग्रेशनच्या काउंटरवर तुमची ओळख म्हणजे पासपोर्ट आणि लागत असेल तिथे व्हिसा. आधारचा तिथे काडीचाही उपयोग नाही. पॅनचं काम परकीय चलन घेताना इथेच उरकलेलं असतं. परतीच्या वाटेवर दिल्लीहून नागपूरचं विमान पकडायचं असेल, तर तिथेही ओळखपत्र म्हणून पासपोर्ट चालतो. ज्या कागदाला प्रवासात ठरलेलं काम आहे तेवढाच घ्यावा, बाकीचे कपाटात राहू द्यावेत. एकच पाकीट मारलं गेलं आणि त्यात सगळीच कार्डं होती, तर परत आल्यावर प्रत्येकासाठी वेगळी रांग.

त्यापेक्षा तो वेळ पासपोर्ट नीट वाचण्यात घालवा. आधी मुदत. थायलंड, सिंगापूर, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती इथे पोहोचण्याच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक लागतात. शेंगेन देशांचा, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा, हिशेब वेगळा: तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत, पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, म्हणून घरात नेमका त्यांचाच संपत आलेला निघतो. पान फाटलेलं, शिवण सुटलेली किंवा पाण्याने फुगलेला पासपोर्ट असेल तर विमान कंपनी चेक-इनलाच अडवू शकते. जुन्या पासपोर्टात अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर जुना आणि नवा दोन्ही सोबत घ्यायचे. व्हिसाचं पान कापून काढायचं नाही, तसं केलं की व्हिसा बाद.

मग नाव. खरा घोळ इथे होतो, आणि आपल्या मराठी तीन पदरी नावांमुळे जास्तच होतो. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि दुसऱ्या ओळीत बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. तिकीट काढताना ती दुसरी ओळ जशीच्या तशी ‘फर्स्ट नेम’मध्ये भरा. बोर्डिंग पासवर दोन्ही नावं चिकटून आली आणि शेवटी ‘मिसेस’ लागलं तरी घाबरू नका, विमान कंपन्यांच्या यंत्रणेची ती रीतच आहे. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव आलेलं असतं, पासपोर्टवर अजून माहेरचंच. अशा वेळी तिकीट, व्हिसा, विमा, फॉरेक्स कार्ड (परकीय चलन भरलेलं कार्ड) सगळं पासपोर्टप्रमाणे. हौसेने नव्या आडनावाने तिकीट काढलं, तर लग्नाचा दाखला दाखवून काम होईलच असं नाही. आणि पासपोर्टवर आडनावाची ओळ कोरीच असेल तर दुबईचं बुकिंग करण्याआधी एजंटला विचारा. अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या पर्यटकांबाबत नियम कडक केले आहेत.

नेपाळ आणि भूतान हा मोठा अपवाद. पशुपतिनाथ-मुक्तिनाथच्या सहलीला निघालेल्यांनी इथे लक्ष द्यावं. भारतीय नागरिकाला या दोन देशांत पासपोर्टऐवजी निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं, पण मूळ कार्ड, झेरॉक्स नव्हे. ६५ वर्षांवरच्या आणि १५ वर्षांखालच्या प्रवाशांना वय आणि ओळख पटवणारं फोटोचं दुसरं कागदपत्र चालतं, आणि २०१९ पासून त्यांच्यासाठी आधारही त्यात धरलं जातं. म्हणजे एकाच घरातल्या सत्तरीच्या आजोबांना आधारवर जाता येईल, पन्नाशीच्या मुलाला नाही. सहलीच्या ग्रुपमध्ये ‘आधार चालतं’ हा निरोप अर्धवट फिरतो तो यामुळेच.

लायसन्स फक्त गाडी चालवणार असाल तरच. त्यासोबत अनेक देशांत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते तुमच्या आरटीओतून मिळतं आणि एक वर्ष चालतं. नुसतं परमिट मात्र पुरत नाही, मूळ लायसन्स खिशात हवंच. थायलंडमध्ये भाड्याची स्कूटर विनापरवाना चालवून पडलात तर विमा कंपनी बहुधा हात वर करते. दुकानदार अनामत म्हणून पासपोर्ट मागेल, तो देऊ नका. रोख अनामत ठेवा, नाहीतर दुसरं दुकान बघा.

मूल एकाच पालकासोबत किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल तर जन्मदाखला आणि न येणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र घ्या. त्यात प्रवासाच्या तारखा आणि फोन नंबर हवा, सोबत त्या पालकाच्या पासपोर्टची प्रत. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या.

रोज फिरताना पासपोर्ट खिशात की हॉटेलच्या तिजोरीत? देशागणिक उत्तर बदलतं. जपानमध्ये पर्यटकाने तो जवळ बाळगणं कायद्यानेच सक्तीचं आहे, आणि करमुक्त खरेदीलाही मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो. जिथे अशी सक्ती नाही तिथे मूळ तिजोरीत आणि प्रत खिशात, हे मला बरं वाटतं.

प्रत काढताना पहिलं पान आणि शेवटचं पान, दोन्ही. पत्ता आणि आई-वडिलांची नावं शेवटच्या पानावर असतात. व्हिसाचीही प्रत घ्या. एक संच दुसऱ्या बॅगेत, एक घरी कोणाकडे तरी, आणि फोटो मोबाइलमध्येच साठवलेले. डिजिलॉकरवर विसंबू नका. तो उघडायला नेट लागतं, ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो आणि रोमिंग नेमकं बंद असतं. पोहोचल्या दिवशी प्रवेशाचा शिक्का पडला असेल तर त्या पानाचाही फोटो काढा. पासपोर्ट हरवला की तो शिक्काही जातो, आणि देश सोडताना तुम्ही कधी आलात हे दाखवायला हा फोटोच उपयोगी पडतो.

हरवलाच, तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. तक्रारीची प्रत, पासपोर्टची प्रत आणि फोटो लागतात, म्हणून चार फोटो बॅगेत टाकून ठेवा. तिथून नवा पासपोर्ट किंवा इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. सर्टिफिकेटवर फक्त भारतात परतता येतं, पुढचा देश नाही. तक्रार देण्याआधी मात्र खोली, बॅगेचं अस्तर आणि टॅक्सी एकदा नीट पालथी घाला. हरवल्याची नोंद होऊन पासपोर्ट रद्द झाला की नंतर तो उशीखाली सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही.